आगाऊ फेडलेला नवस

आमच्या घरात जंगलाचा जाणकार मी, असं माझं मत होतं. हे मत दुसऱ्या कोणाचंही नव्हतं, पण त्यामुळे मला कधी फारसा फरक पडला नाही. माझ्याकडे एक खाकी हाफपँट होती, कॅनव्हासचे बूट होते आणि सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलेली एक दुर्बीण होती. दुर्बिणीच्या डाव्या नळीत बुरशी धरलेली, त्यामुळे अर्धं जग स्वच्छ आणि अर्धं जग दह्यात बुडवल्यासारखं दिसे. तिच्यातून मी अंबाझरीचे बगळे पाहिले होते, रामटेकच्या गडावरची माकडं पाहिली होती, आणि एकदा चक्क बिबट्या पाहिला होता. जवळ गेल्यावर ती कोणीतरी झुडपावर वाळत घातलेली घोंगडी निघाली.

खरा संबंध बाबांचा. त्यांची सगळी नोकरी जंगल खात्याच्या नागपुरातल्या कचेरीत गेली, टाइपरायटरपुढे. शिकार कायद्याने चालायची त्या काळात साहेब लोक वाघ मारायचे आणि त्याची लांबी, रुंदी, वय हे सगळं बाबा टाइप करायचे. पुढे शिकार बंद झाली, तेव्हा वाघ मोजायचे कसे, पायाचे ठसे घ्यायचे कसे, याची परिपत्रकं बाबांनीच टाइप केली. मोहल्ल्यात त्यांना ‘वाघवाले बाबू’ म्हणत. कोणाच्या गावाकडे बैल मारला गेला की माणूस आमच्या ओट्यावर येऊन बसे आणि विचारी, “बाबूजी, वाघ असन का बिबट?” बाबा चष्मा पुसत, दोन-चार प्रश्न विचारत आणि निकाल देत. निकाल बहुधा बरोबर निघे.

आणि या माणसाने जंगलातला वाघ एकदाही पाहिला नव्हता.

महाराजबागेच्या पिंजऱ्यातला पाहिलेला होता, पण तो बाबा धरत नसत. “तो आपला कर्मचारी आहे. त्याला ठरलेल्या वेळी जेवण मिळतं,” म्हणत.

निवृत्त झाल्यावर बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डाव्यात जास्त, उजव्यात कमी. तेव्हा मोतीबिंदू पिकल्याशिवाय डॉक्टर हात लावत नसत. “पिकू द्या, मग काढू,” डॉक्टर म्हणाले, जसं काही काटोलच्या बागेतलं संत्रंच. बाबा हसले, पण घरी आल्यावर खूप वेळ ओट्यावर बसून राहिले. त्यांच्या धाकट्या भावाचा डोळा अशाच ऑपरेशनमध्ये गेला होता. संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन ते मला म्हणाले, “ऑपरेशनच्या आधी एक वाघ पाहायला पाहिजे होता. नंतरचं नंतर.”

बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी ताबडतोब हाफपँट धुवायला टाकली.

जीपची सोय बायकोच्या धाकट्या भावाने केली. काटोलकडे त्याची संत्र्याची बाग होती आणि बागेच्या कामासाठी एक जुनी उघडी जीप होती. जीप अशी, की ती थांबली तरी संत्र्याचा वास पुढे दहा पावलं जायचा. “भाऊजी, तुम्ही फक्त बसा,” तो म्हणाला. “असली जंगल दाखवतो. पिंजरावाला नाही, ओरिजनल!” त्याने स्वतःही ओरिजनल जंगल पाहिलेलं नव्हतं. पण आत्मविश्वास आमच्या दोघांतही सारखाच होता, माहिती तेवढी कमी होती.

होळी नुकतीच झाली होती. पळस सगळीकडे पेटलेला आणि मोहाचा सडा पडायला लागलेला. ठरलं असं की पहाटे निघायचं, मनसरवरून देवलापारच्या पुढे जायचं, दुपार कुठेतरी सावलीत काढायची आणि उन्हं उतरताना वाघ पाहून परत यायचं. वाघाला सोडून बाकी सगळ्यांना हा कार्यक्रम पसंत होता.

पण निघायच्या दिवशी पहाटे पाहतो तर जीपच्या मागच्या भागात गोवऱ्यांचं पोतं, वरण शिजवायचा पितळी गंज, परात, कणकेचा डबा, तुपाची बरणी आणि वांग्यांची टोपली. आईला बसायला जागा नव्हती, म्हणून ती गोवऱ्यांच्या पोत्यावर बसली होती.

“आई, हे काय वं?”

“नवस बोलली मी,” आई म्हणाली. “जंगलाच्या तोंडाशी वाघोबाचं ठाणं आहे म्हणतात ना. ह्यायले वाघ दिसू दे, रोडग्यांचा नैवेद्य करीन म्हटलं.”

आमच्या भागात रोडग्यांचा नवस म्हणजे छोटी गोष्ट नाही. जाड्याभरड्या कणकेचे, ओवा घातलेले मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे. बरोबर तुरीचं घट्ट वरण आणि वांग्याची रस्सेदार भाजी. आणि नवसाचं अन्न घरी आणायचं नसतं. जिथे केलं तिथेच देवाला दाखवून पोट भरून खायचं. दोन रोडगे खाल्ले की माणसाला उठता येत नाही. तिसरा खाल्ला तर तो उठायचा विचारही करत नाही.

“पण नवस काम झाल्यावर फेडतात,” मी म्हटलं. “येताना करू.”

“येतानी अंधार पडन. अंधारात रोडगे कोण भाजन, तू? जातानीच करून टाकू. देव काय पळून चालला का?”

बाबा पुढे बसले होते. त्यांनी मागे वळूनही न पाहता सांगितलं, “काम झाल्याचा शेरा काम होण्याआधी मारत नाहीत.”

“ते तुमच्या ऑफिसात,” आई म्हणाली. “चाल गा, काढ गाडी.”

माझ्या साळ्याने गाडी काढली. आमच्याकडे आईने ‘चाल गा’ म्हटलं की विषय संपतो.

नाक्यावर जंगल खात्याचा गार्ड भेटला. बाबांनी आपण कुठल्या कचेरीत होतो ते सांगितल्यावर तो एकदम उठून उभा राहिला. “साहेब, तुमच्याच ऑफिसातून आम्हाले कागदं येत होते!” बाबांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, इथूनच परत गेलो तरी चालेल. गार्डने सांगितलं, पुढे नाल्याचं वळण लागेल, तिथे पाणी आहे, पलीकडे रेती आहे. उन्हं उतरली की तिथे गाडी बंद करून गुपचूप बसा. “गुपचूप हं साहेब. बोलायचं नाही, उतरायचं तर अजिबात नाही.”

“परिपत्रकात आहे ते,” बाबा म्हणाले.

वाघोबाचं ठाणं नाक्याजवळच होतं. सागाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड, त्याच्यापुढे मातीचे दोन-चार वाघ, कोणी कोणी वाहिलेले. आईने पदर खोचला, गोवऱ्या रचल्या आणि पाहता पाहता त्या जंगलाला आमच्या मागच्या अंगणाचं रूप आलं. बायको कणीक तिंबत होती, साळा वांगी चिरत होता, मी धूर कुठल्या दिशेला जातो ते दुर्बिणीतून पाहत होतो.

“अहो, ती दुर्बीण ठेवा आणि पाणी आणा,” बायको म्हणाली.

रोडगे झाले तेव्हा सूर्य डोक्यावरून कलला होता. नैवेद्य दाखवला. पळसाच्या पानांवर वाढप झालं. आणि बाबा म्हणाले, “मी जेवणार नाही.”

“काहून?” आईने पळी हवेतच थांबवली.

“हा नवस वाघ दिसल्याचा आहे ना? मग दिसू दे. दिसला की खाईन.”

“अन् नाही दिसला त?”

“तर मग खाण्याचा प्रश्नच येत नाही.”

आईने खूप समजावलं. देवाला वाईट वाटेल म्हणाली, ऊन लागेल म्हणाली. शेवटी रागावली. “एवढा हेका बरा नाही बाप्पा!” पण बाबांनी साळ्याच्या टोपलीतली संत्री सोलून खाल्ली आणि झाडाला टेकून बसले. त्यांचा वाटा आईने दोन रोडगे, वाटीभर वरण, वांग्याच्या दोन फोडी असा एका डब्यात भरून ठेवला आणि डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं.

बाबांचा वाटा वाचला म्हणून आम्ही बाकीच्यांनी हात आखडता घेतला असं मात्र झालं नाही. साळ्याने चार रोडगे खाल्ले. मी तीनवर थांबलो, पण ते नाइलाज म्हणून. आईने वाढलेलं तूप ओघळून माझ्या खाकी हाफपँटवर आलं आणि तिला पहिल्यांदाच काहीतरी रानटी रूप आलं.

नाल्याच्या वळणावर पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. साळ्याने अर्जुनाच्या झाडाखाली गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. समोर नाल्याचं उथळ पाणी, पलीकडे रेतीचा पट्टा आणि त्याच्यामागे बांबूचं बन. असली जंगल ते हेच. काय शांतता होती! एक सुतार पक्षी कुठेतरी ठोकत होता. चितळांचा कळप पाण्यावर येऊन गेला. एक मोर रेतीवरून उगाच ऐटीत चालत गेला. वारा गार होता. जीपला संत्र्यांचा वास होता. पोटात तीन रोडगे होते.

यापुढचं मला आठवत नाही.

मी जागा झालो तो बाबांच्या आवाजाने. आवाज अगदी हळू होता. बाबा जीपमध्ये उभे होते, एका हाताने काचेची चौकट धरून. दुसऱ्या हातात त्यांची टोपी होती. देवळात काढतात तशी काढलेली.

“गेला,” बाबा म्हणाले.

“कोण गेलं?” मी तोंड पुसत विचारलं.

“वाघ. आला, पाणी प्याला, शिंकला आणि गेला.”

मी इकडे तिकडे पाहिलं. साळा स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला होता. बायको गोवऱ्यांच्या रिकाम्या पोत्यावर मान टाकून. आई गंजाला टेकून झोपलेली, आणि तिच्या घोरण्याची लय एवढी एकसारखी होती की चितळांनासुद्धा सवय झाली असावी.

पुढच्या क्षणी आम्ही जे केलं ते फक्त आमच्यासारखीच माणसं करू शकतात. “वाघ!” असं मी ओरडलो, साळा दचकून उठला, आणि आम्ही दोघं धाडकन खाली उडी मारून, पाण्यातून पचापच पळत पलीकडच्या रेतीवर गेलो. मागोमाग “काय झालं? काय झालं?” करत बायको आली. आम्ही तिघं त्या रेतीवर वाघाला शोधत इकडून तिकडे हिंडलो. रेतीवर वाघ सापडण्यासारखी जागा नव्हती, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

“अरे उतरू नका! ठसे! ठसे मोडतील!” बाबा जीपमधून ओरडत होते. वाघाच्या ठशांजवळ कोणी पाय ठेवायचा नाही, ही सूचना बाबांनी किती वेळा टाइप केली असेल. आणि त्यांच्याच पोराने, सुनेने आणि सुनेच्या भावाने तीन जोडी पायांनी त्या रेतीची पार शेती करून टाकली.

एक खळगा उरला होता. मी वाकून म्हटलं, “हा पहा!”

साळ्याने पाय उचलून त्याच्यात ठेवला. बरोबर बसला. “भाऊजी, हा तर माझाच आहे.”

आम्ही ओशाळून परत आलो. बाबा आता खाली बसले होते. साळा माणूस मनाने चांगला, पण जिभेला आवर नाही. तो म्हणाला, “बाबूजी, नक्की वाघच होता ना? म्हणजे, तुमच्या डोळ्याचं... एखादं पिवळं वासरू?”

 बाबांनी टोपी डोक्यावर घातली. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याने ती गोष्ट मिळवली होती. आणि मिळवल्याचा साक्षीदार एकही नव्हता. होते त्यांच्या पोटात रोडगे होते.

“बाबा,” मी विचारलं, “आम्हाला उठवलं का नाही?”

“हललो असतो तर गेला असता.” मग म्हणाले, “आणि खरं सांगू का? उठवावंसं वाटलं नाही. आजवर सगळ्यांचे वाघ टाइप केले. हा एक माझा होता.”

“पण वाघ शिंकते का, बाबूजी?” साळ्याला हसू आवरत नव्हतं. “डरकाळी फोडली म्हणा ना!”

“डरकाळी नाही फोडली. पाणी नाकात गेलं असेल. मान अशी झटकली आणि शिंकला. मग आपल्याकडे पाहिलं जरा वेळ. मग गेला.”

तेवढ्यात मागून आवाज आला. “हसता काय रे? शिंकला त. मी ऐकलं.”

आई गंजाला टेकूनच बसली होती. पदर सारखा करत, अगदी शांतपणे.

“आई, तू त घोरून राहिली होती!” मी म्हटलं.

“त्याच्या शिंकेनंच त जाग आली मले.”

बाबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “डबा कुठे आहे?”

“कायचा?”

“माझ्या वाट्याचा. रोडग्यांचा.”

 साळ्याचं हसू थांबलं. आम्ही सगळे बाबांना ओळखत होतो. त्यांच्या डोळ्यांचा भरवसा आम्हाला नव्हता, वासराला वाघ समजणं त्यांना शक्य होतं. पण मनात शंकेचा एक कण असता तर या माणसाने नवसाच्या अन्नाला हात लावला नसता. काम झाल्याशिवाय झाल्याचा शेरा त्यांनी कधी कोणासाठी मारला नव्हता, मोठमोठ्या साहेबांसाठीही नाही.

आईने झाकण काढलं. रोडगा पार गार झाला होता, तूप थिजून पांढरं झालेलं. बाबांनी तो हाताने फोडला, वरणात बुडवला आणि जीपमध्येच, नाल्याकडे तोंड करून सावकाश खाल्ला. मग दुसराही खाल्ला. वांग्याचा रस्सा बोटाने पुसून घेतला.

“मीठ जरा कमी झालं,” म्हणाले.

“झालं का सुरू!” आई म्हणाली. तिचा आवाज किती खूश होता म्हणून सांगू.

परत येताना मनसरपर्यंत बाबा गुणगुणत होते. त्यांना गाता येतं हे मला त्या दिवशी कळलं. येत नव्हतंच, पण तरी.

मोहल्ल्यात बातमी पसरायला वेळ लागला नाही. ओट्यावर माणसं जमली. बाबांनी सांगितलं, आला, पाणी प्याला, शिंकला, गेला. लोकांचा हिरमोड झाला. “बस? एवढंच?” एकाने तर मला बाजूला घेऊन विचारलं, “तुम्ही होते ना गा सोबत? झेप-बीप नाही घेतली का?” मी म्हटलं, मी झोपलो होतो. तेव्हापासून मोहल्ल्यात बाबा पुन्हा वाघवाले आणि मी झोपवाला, अशी वाटणी झाली. पण मला त्या शिंकेमुळेच तर जास्त खात्री वाटत होती. बनवून सांगणाऱ्याने डरकाळीच सांगितली असती. वाघाला शिंकायला लावण्याची कल्पना आमच्या घरात कोणाजवळ नव्हती, बाबांजवळ तर मुळीच नाही.

एक दिवस स्वयंपाकघरात आई एकटी असताना मी विचारलं, “खरं सांग वं आई, ऐकलं होतं का तू?”

आई पोळी लाटत होती. “तुह्या घोरण्यात काही ऐकू येऊन राहिलं होतं का!” ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली. याचा अर्थ काय घ्यायचा ते मी अजून ठरवलेलं नाही.

पावसाळा संपल्यावर बाबांचं ऑपरेशन झालं. डावा डोळा अगदी चांगला झाला. जाड भिंगाचा चष्मा लागला आणि बाबा जगाकडे लहान पोरासारखे पाहायला लागले. भिंतीचा रंग, आईच्या लुगड्याचा काठ, माझ्या डोक्यावरचं टक्कल. “हे केव्हा झालं?” असं विचारलं त्यांनी, जसं मी रजा न मागता पाडून घेतलं होतं.

एका रविवारी ते म्हणाले, “महाराजबागेत जाऊ.” आई, बाबा आणि मी गेलो. रविवारची गर्दी होती. मुलं फुगे फोडत होती. वाघ पिंजऱ्यात आडवा पडून शेपटी हलवत होता, ठरलेल्या जेवणाची वाट पाहत. बाबा गजांच्या अलीकडच्या कठड्याला टेकले आणि नव्या चष्म्यातून त्याला पाहत राहिले. ते केशरी अंग, काळे पट्टे, पोटाखालचा पांढरा रंग, सगळं स्वच्छ. मला उगाच धाकधूक वाटायला लागली. नव्या डोळ्यांनी खरा रंग पाहिल्यावर नाल्यावरच्या आपल्या वाघाबद्दल त्यांना शंका आली तर?  मी बाजूला उभा राहून कठड्यावरचा रंग नखाने खरवडत होतो.

शेवटी बाबा मागे सरले. “चांगला आहे,” म्हणाले. मग जरा वेळाने, थोडं अडखळत, “पण आमच्यावाला जरा फिक्कट होता.”

मी काहीतरी बोलणार होतो, पण आईने बोलू दिलं नाही. ती फुटाण्याचा पुडा सोडत होती. मान वर न करता, एवढं काय ते नवल असं दाखवत ती म्हणाली,

“उन्हात होता ना तो. उन्हात रंग थोडा उडलेलाच दिसते.”

“हो,” बाबा म्हणाले. “ऊन होतंच.” आणि त्यांनी फुटाण्यांसाठी हात पुढे केला.